दोन्हीकडून आजोबा

"काकू, लग्नाला पांढरा घोडा मिळेल का?"

हा फोन मला अजूनही येतो. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या आसपासच्या यच्चयावत नवरदेवांच्या आयांकडे माझा नंबर आहे. मी घोड्यांची डॉक्टर होते एवढंच त्यांच्या कानावर आलेलं, आणि त्यावरून मी घोडे भाड्याने देते असा त्यांचा ठाम समज. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे "पांढरा नाही, काळा आहे, आणि चावतो" असं सांगून फोन ठेवायला लागले.

दुसरा त्रास इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत. पानं वाढून झाली की एखादी नवी आलेली मुलगी गोड आवाजात विचारणार, "काकू, तुम्ही एक्झॅक्टली काय करता?" एक्झॅक्टली विचारलंस तर एक्झॅक्टली ऐक, बाई. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, घोडीच्या मागे उभं राहायचं, हात आत घालायचा, आणि सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सांगायचं की कृत्रिम रेतन आज करायचं की परवा. ती लाथ मारणार नाही अशी आशा ठेवायची. गाभण राहिली की जवळजवळ वर्षभर तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि वेळ आली की गरजेप्रमाणे शिंगरू बाहेर काढायचं. एवढं ऐकेपर्यंत समोरच्या पोरीचं श्रीखंड वाटीतच राहिलेलं असायचं.

मी मूळची अमरावतीची. नागपुरात व्हेटर्नरी शिकले तेव्हा जवळून पाहिलेला घोडा म्हणजे टांग्याचा. नवरा, विवेक, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्यामागून मिशिगनला आले, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि घोड्यांच्या पैदाशीचं काम करणाऱ्या एका दवाखान्यात चिकटले. तिथलं सगळं सांगायला बसले तर हा अंक पुरणार नाही. म्हणून एकच सांगते. दोन हजार तीन ते सातच्या दरम्यानचं आहे, आणि माझ्या बोटांना ते अजून आठवतं.

नोव्हायच्या पश्चिमेला, वस्ती संपून शेतं लागतात तिथे हिल्डाबाईंचा फार्म होता. 'बाई' मी लावलेलं. तिथे सगळे त्यांना सरळ हिल्डा म्हणत, पण सत्तरीला टेकलेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तोंडावर मी मिसेस ब्रांट म्हणायचे, त्या मला डॉक्टर म्हणायच्या. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, इथे मी माझ्या मराठीत सांगते.

हिल्डाबाई ट्राकेनर जातीचे घोडे पाळायच्या. जुन्या जर्मनीच्या पार पूर्वेच्या टोकाची ही जात. उंच, हलके, आणि दुडक्या चालीत निघाले की आपण हातातलं काम विसरून बघत राहावं असे. महायुद्धाच्या शेवटी तिथली माणसं हेच घोडे गाड्यांना जुंपून, गोठलेल्या खाडीवरून जीव घेऊन पळाली. किती गाड्या बर्फाखाली गेल्या त्याला गणती नाही. हिल्डाबाई तेव्हा लहान पोर होत्या, गाडीत गोधडीखाली. लगाम आईच्या हातात. गाडी ओढणाऱ्या घोडीचं नाव 'म'वरून होतं, आणि तिच्या वंशात पुढे प्रत्येक नाव 'म'वरूनच, कारण ट्राकेनरवाल्यांचा नियमच तसा आहे. आईच्या नावाचं पहिलं अक्षर तेच शिंगराचं. लग्न होऊन मिशिगनला आल्यावर काही वर्षांनी हिल्डाबाईंनी जर्मनीहून दोन घोड्या विमानाने आणवल्या. एक त्या 'म' वंशातली. दुसरीच्या पोटात आजोबा होते.

आजोबा म्हणजे एक स्टॅलियन, पैदाशीसाठी ठेवलेला नर. कागदावर त्याचं लांबलचक जर्मन नाव होतं, पण मी त्याला मनात आजोबाच म्हणायचे, कारण अर्ध्या अमेरिकेतल्या ट्राकेनर घोड्यांचा तो आजोबा होता. हिल्डाबाईंच्या पागेत जन्मला, त्यांच्या हातून पहिला घास खाल्ला. त्याची मुलं ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याची शिस्तीतली चाल जोखणाऱ्या, स्पर्धांत चमकली आणि नंतर ज्याला त्याला त्याचंच रक्त हवं झालं. एकदा नव्हे, दोनदा.

ही दोनदाची भानगड समजावून सांगते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. माझे सासू-सासरे आतेमामे भावंडं आहेत. म्हणजे विवेकचे आईकडचे एक पणजोबा आणि वडिलांकडचे एक पणजोबा एकच गृहस्थ. विवेकचं नाक बघितलं की ते गृहस्थ कसे दिसत असतील ते फोटोशिवाय कळतं. घोडेवाले हेच मुद्दाम, हिशेबाने करतात आणि त्याला लाइनब्रीडिंग म्हणतात. एक जबरदस्त स्टॅलियन धरायचा आणि शिंगराला तो बापाकडूनही मिळेल, आईकडूनही मिळेल अशी जोडी जुळवायची. त्याची चाल, त्याची मान, त्याचा स्वभाव पक्का उतरतो. पण त्याच्यात काही दडलेलं असेल तर? दोष एकाच बाजूने आला तर जन्मभर गप्प बसून राहतो, कुणाला पत्ता लागत नाही. दोन्हीकडून आला की उभा राहतो.

पहिला उभा राहिलेला मी एका दुसऱ्या फार्मवर पाहिला. घोडी दिवसाउजेडी व्याली, शिंगरू पूर्ण दिवसांचं होतं, श्वास घेत होतं. त्याला सावरायला मी पायाला हात घातला आणि पायाची कातडी माझ्या हातात सरकली. ओल्या कागदासारखी फाटली. बाप्पा! मी आयुष्यात खूप घाण, खूप रक्त पाहिलंय, पण माझ्या हातून ते शिंगरू सुटलं नाही हेच नशीब. ओठाच्या आत, कोपरामागे, सगळीकडे तीच गत. सांधे नको तिकडे वळत होते. वाचण्यासारखं काहीच नव्हतं. मीच इंजेक्शन दिलं.

तीनेक वर्षांनी, आणखी एका फार्मवर, वसंत संपता संपता पुन्हा तेच. या वेळी कोपरामागे हात लावायच्या आधीच मला कळलं. मालकीण रडत होती आणि मी दोन्ही शिंगरांच्या वंशावळी डोक्यात मांडत होते. दोघांच्या बापाकडे आजोबा. दोघांच्या आईकडेही आजोबा.

आज घोड्याच्या आयाळीतले चार केस उपटून पाठवले की हा दोष आहे की नाही ते लॅब सांगते. तेव्हा अशी चाचणी नव्हती, आजाराला धड नावसुद्धा नव्हतं. दवाखान्यातले माझे बॉस म्हणाले, "दोन शिंगरांवरून तू या देशातला सगळ्यात नावाजलेला घोडा बदनाम करणार? जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी फोन घेऊन बसले आणि आजोबांचं रक्त पाळणाऱ्या एकेकाला विचारत सुटले. तुमच्याकडे असं कधी झालंय का हो?

कुणाकडेच झालं नव्हतं. "एखादी घोडी रिकामी राहिली असेल," एवढंच. हा तिथला शब्द. मेलेल्या शिंगराला घोडेवाले नाव देत नाहीत. नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून ते जन्मलंच नाही. घोडी रिकामी राहिली म्हणायचं आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागायचं. मूल गेलेल्या बाळंतिणीच्या घरी विषय काढू नये, तसं ते सगळे एकमेकांना सांभाळून घेत. त्यात वाईट हेतू नसे. पण आजोबांच्या वंशावळीत त्यामुळे फक्त जगलेलेच दिसत.

सगळ्यात ठणकावून उत्तर दिलं रॉसने. रॉस म्हणजे मोठं प्रस्थ, त्याच्याकडे आजोबांचा नातू होता, देखणा स्टॅलियन, आणि त्याचं वीर्य देशभर जायचं. रॉस म्हणाला, "माझ्या घोड्याचं एकही शिंगरू असं झालेलं नाही. कधीच नाही. आणि डॉक्टर, हा प्रश्न पुन्हा विचारलात तर माझा वकील तुमच्या बॉसशी बोलेल."

मी फोन ठेवला तो घाबरूनच. वकिलाला नव्हे. काहीच आठवड्यांपूर्वी त्याच नातवाचं वीर्य वापरून मी माझ्या या हातांनी एका घोडीत रेतन केलं होतं. ती घोडी आजोबांची सख्खी मुलगी. हिल्डाबाईंची माल्वे.

माल्वे म्हणजे हिल्डाबाईंचा जीव होता. वयाने झालेली, डोळ्यांभोवती पांढरी, पण मान अशी की राणीला शोभावी. 'म' वंशातली ती शेवटची मादी. तिची बहीण पोटशुळाने गेली, आणि माल्वेची तिन्ही शिंगरं नर झाली, विकली गेली. बर्फावरून जी घोडी आली तिचा वंश आता या एका म्हाताऱ्या घोडीच्या पोटावर थांबला होता. मादी झाली तर पुढे चालेल, नाहीतर मिशिगनमध्येच संपेल. माल्वेला यानंतर गाभण ठेवणं शक्य नाही हे मीच हिल्डाबाईंना सांगितलं होतं.

आता त्यांना हे कसं सांगायचं? शरद ऋतू येईपर्यंत मी टाळलं. मग एक दिवस माल्वेची तपासणी झाल्यावर हिल्डाबाईंनी नेहमीसारखी कॉफी आणली आणि आम्ही सफरचंदाच्या झाडांखालच्या बाकावर बसलो. तिथेच आजोबांची समाधी होती, मोठा दगड, त्यावर नाव. शेजारी दोन लहान दगड होते, नाव नसलेले. मी पूर्वी एकदा विचारलं होतं तेव्हा हिल्डाबाई म्हणाल्या होत्या, "कुत्रे."

मी सगळं सांगितलं. दोन शिंगरं, कातडी, दोन्हीकडून आजोबा. माल्वेच्या पोटातलंही तसंच असेल असं नाही, पण असू शकतं, म्हणून व्यायच्या वेळी मला आधीपासून तिथे राहू द्या, एवढीच माझी विनंती होती.

हिल्डाबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही त्याच्या दगडाशेजारी बसून हे बोलताय," त्या म्हणाल्या.

"कुठेही बसून बोलले तरी तेच आहे."

"माझ्या घोड्यात दोष नव्हता."

"मिसेस ब्रांट, दोष त्याचा नाही. कुणाचाच नाही. पण आहे."

"निघा. आणि पुन्हा या फार्मवर पाय ठेवू नका. दुसरे डॉक्टर आहेत मिशिगनमध्ये."

मीही काही गरीब गाय नाही. "हौ, आहेत ना," असं चक्क मराठीत म्हणून उठले आणि गाडीचं दार आपटलं. घरी येईपर्यंत एकटीच बडबडत होते. विवेकने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि मुकाट्याने चहा टाकला. मुलीने, अदितीने, विचारलं, "मॉम, हू डाइड?" म्हटलं, अजून कुणी नाही, पण वाट बघ.

तो सगळा हिवाळा मी वाट बघत काढला. बर्फ पडलं की माल्वे आठवायची. आता आठवा महिना, आता नववा. दुसऱ्या घोड्यांची शिंगरं काढताना पहिला हात कोपरामागे जायचा, कातडी चिमटीत धरून बघायचे, आणि ती घट्ट लागली की सुटल्यासारखं व्हायचं. बाईने हाकललंय, विषय संपला, असं मी स्वतःला शंभरदा बजावलं. संपतो कुठे?

मंडळाचा पाडवा आमच्याकडे सोयीच्या रविवारी असतो. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, स्टेजवर गुढी, बाहेर पार्किंगच्या कडेला अजून मळकट बर्फाचे ढीग. मी इरकल नेसून पुऱ्या लाटणाऱ्या बायकांवर हुकूम सोडत होते तेवढ्यात फोन वाजला. हिल्डाबाईंकडे काम करणारा डग. आयुष्य घोड्यांत काढलेला, सहसा न घाबरणारा माणूस.

"डॉक्टर, माल्वेला कळा लागल्यात. नाक दिसतंय आणि एकच पाय. दुसरा येत नाहीये."

"दुसऱ्या डॉक्टरला फोन केलास?"

"तो दोन तासांवर आहे."

घोडी माणसासारखी तासन् तास अडून राहत नाही. कळा सुरू झाल्या की झटपट मोकळी व्हावी लागते, नाहीतर शिंगरू जातं, आणि मग बहुतेकदा घोडीही. मी ओरडलेच, "तिला उठव आणि चालव! थांबू देऊ नकोस, आडवी होऊ देऊ नकोस, चालव नुसती!" चालत राहिली की जोर कमी लावते, तेवढाच वेळ मिळतो. मग विचारलं, "हिल्डाबाईंना माहीत आहे तू मला फोन केलास ते?"

"त्यांनीच करायला सांगितलाय."

मी पुरीचं लाटणं कुणाच्या तरी हातात कोंबलं. "मॉम, यू आर इन अ सारी!" अदिती मागून ओरडली. माहीत आहे मला मी कशात आहे ते. माझ्या कामाच्या पिकअप ट्रकमध्ये बसताना इरकल गुडघ्यापर्यंत खोचली आणि सगळे लाल दिवे मनातल्या मनात शिव्या घालत पार केले. काही दिवे लाल असतानाच पार केले.

भर दुपार होती. पागेसमोरच्या चिखलात डग माल्वेला गोल गोल फिरवत होता. घामाने काळी पडली होती ती. हिल्डाबाई दाराशी उभ्या, हात कोटाच्या खिशात खोल. माझ्या साडीकडे एकदा बघून त्या दारातून बाजूला झाल्या. साडीवर कामाचं अंगभर कव्हरऑल चढवलं, हात धुतला, झोप आणणारं हलकं इंजेक्शन घोडीला दिलं आणि आत हात घातला.

शिंगराचं तोंड हाताला लागलं. जिभेला चिमटा काढला तर जीभ मागे ओढली गेली. "जिवंत आहे!" मी म्हटलं. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे अडकला होता. अशा वेळी आधी शिंगराला आत ढकलावं लागतं, मग खूर तळहातात झाकून, म्हणजे त्याने पिशवी फाटणार नाही, पाय उलगडून पुढे आणायचा. माल्वे कळ द्यायची आणि माझा हात हाडात सापडून सुन्न व्हायचा. ती कळ जाईपर्यंत थांबायचं, आणि मग दोन बोटं पुढे. मला घाम, रडू, सगळं एकदम येत होतं. शेवटी खूर तळहातात बसला आणि पाय पुढे आला.

आता ओढायचं होतं, आणि इथे मी थांबले.

ओढायचं म्हणजे शिंगराच्या पायांना घोट्याच्या वर पट्टे बांधायचे आणि घोडीच्या कळेबरोबर दोघांनी जोर लावायचा. रोजचं काम. पण ते पट्टे कातडीवरच बसतात. हे शिंगरू त्या दोघांसारखं असेल तर पट्ट्याखालची कातडी निघून येईल, तीही जिवंतपणी. मी चिमटीत धरून बघायचा प्रयत्न केला. पोटातलं सगळं बुळबुळीत असतं, काही म्हणजे काही कळेना. हातांनीच ओढून पाहिलं, हात घसरले. माल्वेचे पाय थरथरायला लागले होते.

"डॉक्टर," डग म्हणाला, "ती खाली बसणार आता."

मी हिल्डाबाईंकडे बघितलं. "पट्टे लावावे लागतील. काय होईल ते मला सांगता येत नाही."

 त्यांनी विचारलं नाही, काय होईल म्हणजे काय. नुसतं म्हणाल्या, "लावा."

मी पट्टे बांधले. माझे डोळे त्या दोन घोट्यांवरून हलेनात. कळ आली, डगने आणि मी जोर लावला. पट्टा ताणला गेला. आणि कातडी धरून राहिली. मी ओरडले, "आहे! आहे! ओढ!" काय आहे ते डगला काही कळलं नसणार, पण तो मन लावून ओढत होता. खांदे आले, मग सगळं शिंगरूच धबकन पेंढ्यावर आलं, आणि मीही त्याच्याखाली इरकलीसकट.

मी डोळ्यांतला घाम पुसेपर्यंत हिल्डाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. मला वाटलं, शेपूट उचलून बघतील. नर की मादी यावर तर सगळं अडलं होतं ना! पण त्यांनी शेपटीकडे बघितलंही नाही. त्यांचा अंगठा आधी शिंगराच्या ओठाच्या आत गेला. मग कोपरामागे. मग मांडीच्या आतल्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कातडी चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली. मग त्या तशाच पेंढ्यात बसून राहिल्या आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागल्या.

"मादी आहे," डग म्हणाला. "हिल्डा, मादी आहे."

माझं लक्ष मात्र त्या अंगठ्यावरच होतं. ओठाच्या आत, कोपरामागे. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. कातडी फाटते एवढंच बोलले होते. कुठे बघायचं हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत.

डग पाणी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "ते कुत्रे नव्हते, ना?"

हिल्डाबाईंनी मान हलवली. "दोन," त्या म्हणाल्या. "दोन्ही माल्वेची, तुम्ही इथे यायला लागण्याआधी. दोन्ही वेळा इथेच, मी एकटीच होते. सगळ्यांना सांगितलं, रिकामी राहिली."

"आणि तरी तिसऱ्यांदा?"

"मला त्याच्यासारखी मुलगी हवी होती. माझ्या आईची घोडी आणि माझा घोडा, दोघं एका अंगात." मग शिंगराची ओली मान पुसत म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर लोक त्याची चाल विसरले असते. फक्त तेच बोलले असते."

मला इतका संताप आला की काय सांगू! मी फोन घेऊन दारोदार विचारत होते, लोक मला वेड्यात काढत होते, आणि इथे दोन दगड. दुसऱ्या फार्मांवरची दोन्ही शिंगरं त्यानंतरची होती. हे सगळं मी म्हणणार होते. पण शिंगरू उठायच्या खटपटीला लागलं होतं, चारही पाय चार दिशांना, आणि माल्वे त्याला हाका मारत होती. मी एवढंच म्हटलं, "आता ही आहे ना? हिच्याही रक्तात ते दडलेलं असण्याची शक्यता आहे. नसण्यापेक्षा जास्तच. हिला पुन्हा त्याच्याच वंशात द्याल तर तिसरा दगड लागेल. आणि इतरांचं काय?"

त्यांनी उठून मूठभर पेंढ्याने माल्वेची पाठ पुसायला घेतली. शिंगरू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि धडपडत आईच्या कासेला लागलं. मग हिल्डाबाईंनी विचारलं, "तुमच्या भाषेत 'म'वरून काय नाव असतं?"

मी वैतागलेलीच होते. पहिलं आलं ते सांगितलं. "माझ्या आजीचं नाव मथुरा होतं."

"माथुरा," त्या म्हणाल्या. तेच कायम झालं. तर अशी एक उमदी ट्राकेनर घोडी आमच्या अमरावतीच्या मथुराबाईंच्या नावाने नोंदली गेली आहे. आजीला कळतं तर तिने माझी हजेरी घेतली असती.

पानं गळायच्या सुमारास शिंगरांची तपासणी असते. जर्मनीहून परीक्षक येतात, एकेक शिंगरू आईबरोबर रिंगणात फिरवलं जातं, चाल बघतात, गुण देतात, आणि ट्राकेनरचा, मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या शिंगांचा शिक्का मारण्याचा निर्णय होतो. आजूबाजूच्या राज्यांतले सगळे पैदासवाले जमतात. मंडळाच्या स्नेहसंमेलनासारखंच, तसेच हेवेदावे आणि तशीच फुकटची कॉफी. हिल्डाबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. का ते सांगितलं नव्हतं.

मथुरा रिंगणात आली आणि दुडक्या चालीत निघाली तेव्हा लोकांचं बोलणं बंद पडलं. हुबेहूब आजोबा. परीक्षकांनी तिला पहिली ठरवली. पुढच्या रांगेत रॉस बसला होता, तिच्या बापाचा मालक. तो उठून टाळ्या वाजवायला लागला. प्रथेप्रमाणे माइक हिल्डाबाईंच्या हातात दिला. पैदास करणाऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात. सगळे आभार मानतात.

"माल्वेची तुम्हाला चार शिंगरं माहीत आहेत," हिल्डाबाई म्हणाल्या. मी पुढे होऊन मथुराची दोरी धरली. "तिची सहा झाली. दोन माझ्या सफरचंदाच्या झाडांखाली आहेत, त्याच्या शेजारी. त्यांना दोन्हीकडून तोच होता. त्यांची कातडी हाताला लागून फाटत होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. या डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं. त्या दोन शिंगरांची नावं मिराबेल आणि मोरित्स. ही मुलगी मी त्याच्या वंशात पुन्हा देणार नाही. तुम्हीही देण्याआधी विचार करा. एवढंच."

 रॉसच्या टाळ्या कधी थांबल्या ते कळलंही नाही. परीक्षकांपैकी एकजण खाली बघत होता. मला वाटलं, झालं, आता या बाईशी कुणी बोलणार नाही, आणि माझी नोकरीही गेली.

रॉस उभाच होता. त्याने टोपी घातली आणि तो दाराकडे चालायला लागला. त्याच्या बुटांचा तेवढा आवाज येत होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज आला, अगदी हळू. "माझ्याकडे एक. तिचं नाव लोरेना ठेवणार होते."

मग दुसऱ्या बाजूने एक पुरुष म्हणाला, "काल्मार."

"सेराफिना," आणखी कुणीतरी.

हिल्डाबाई प्रत्येक आवाजाकडे वळून बघत होत्या. एवढी वर्षं जी नव्हतीच, ती सगळी आपापल्या आईच्या अक्षरावरून तिथे येत होती. मी रडत होते, डग रडत होता, फक्त मथुरा आपली माझी बाही चावत होती.

रॉस दाराशी पोचला होता. तिथे तो थांबला. वळला नाही, आमच्याकडे पाठच होती.

"फाल्को," तो म्हणाला. आणि बाहेर गेला.

हिल्डाबाईंनी माइक खाली ठेवला, वाळूतून चालत माझ्याजवळ आल्या आणि मथुराची दोरी माझ्या हातातून घेतली. "चला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "हिला पाणी पाजायचंय."